मध्ययुगाच्या अखेरचे लाकडी सांगाड्याचे शहरी घर: लाकडावर उरलेल्या खुणा कशा वाचायच्या?

दूरदेशी

इंग्लंडमधील यॉर्क, लॅव्हनम, कॉव्हेंट्री किंवा एक्सेटर या गावांतील जुन्या लाकडी घरांची छायाचित्रे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडांची नक्षी आणि गल्लीवर झुकलेले वरचे मजले हे त्यांचे रूप परिचयाचे आहे. मात्र त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा या देखणेपणापाशीच थांबते. मी नोकरीनिमित्त यॉर्कशायरमध्ये राहतो आणि सवड मिळेल तेव्हा ही घरे पाहत असतो. चौदाव्या-पंधराव्या शतकातील सामान्य व्यापाऱ्याच्या किंवा कारागिराच्या घराविषयी लेखी कागद क्वचितच सापडतो, पण ते घर कसे बांधले, कुठे खिडकी होती, चूल कुठे पेटत असे आणि पुढे कोणी कोणता बदल केला, हे लाकडावरच्या रिकाम्या खाचा, भोके, आकडे आणि काजळी यांवरून बऱ्याच खात्रीने सांगता येते. हा धागा त्या वाचनासाठी आहे.

आधी बांधणीची पद्धत थोडक्यात सांगतो. अशा घरात भार भिंत वाहत नाही, सांगाडा वाहतो. दगडी जोत्यावर आडवी तुळई टाकायची, तिच्यात खांबांची कुसवे (टोकाला कोरून काढलेल्या जिभा) बसवायची, खांबांच्या माथ्यावर पुन्हा आडवी तुळई, कोपऱ्यांत तिरके टेकू, आणि मधल्या चौकटी कुडाने भरायच्या. ओकच्या उभ्या काठ्यांभोवती हेझलच्या बारीक फांद्या विणायच्या, वर माती, पेंढा आणि शेण यांचा गिलावा थापायचा आणि शेवटी चुना लावायचा. लाकूड प्रामुख्याने ओकचे, तेही ओले, म्हणजे तोडल्यानंतर वाळवत न ठेवता वापरलेले. वाळलेला ओक त्या काळच्या हत्यारांना दाद देत नसे, त्यामुळे सुतार ओल्या लाकडावर काम करी आणि लाकूड जागेवर बसल्यानंतर हळूहळू वाळे. आज या घरांच्या रेषा वाकड्या दिसतात त्याचे एक मोठे कारण हे वाळणे आहे. पाया खचल्याने आलेला वाकडेपणा वेगळा आणि तो सहसा वेगळा ओळखूही येतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की घराचा सांगाडा जागेवर घडत नसे. सुताराच्या आवारात जमिनीवर एकेक भिंत आडवी मांडून, लाकडावर लाकूड ठेवून सांधे आखले जात, कापले जात, जुळवून पाहिले जात, आणि मग सगळे सुटे करून गाड्यांवरून बांधकामाच्या जागी नेले जाई. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे प्रचंड छप्पर १३९०च्या दशकात ह्यू हर्लंड या राजसुताराने असेच फार्नमजवळ घडवले आणि तेथून गाड्या व होड्यांनी आणून चढवले. शहरातील अरुंद जागेत घर बांधणाऱ्या साध्या सुताराची रीतही हीच होती. सुटे केलेले शेकडो तुकडे पुन्हा अचूक जुळावेत म्हणून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच आकडा कोरलेला असे. हे आकडे रोमन पद्धतीचे, सरळ रेघांचे असतात, कारण पटाशीने वळण काढणे कठीण. चारसाठी बहुधा चार उभ्या रेघाच दिसतात. डाव्या आणि उजव्या बाजूची लाकडे वेगळी राहावीत म्हणून काही सुतार एका बाजूच्या आकड्यांना लहानशी शेपटी जोडत. त्यामुळे एखाद्या घरात पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचे आकडे सलग मिळाले आणि एकदम आठवा आला, तर मधली लाकडे गेली आहेत किंवा जागा बदलून बसवली आहेत असा संशय घ्यायला हरकत नसते.

आता रिकाम्या जागांकडे येतो. एखाद्या तुळईच्या पोटाला ओळीने चौकोनी भोके दिसली आणि ती भोके चौकटीला समांतर नसून कोनावर उभी, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची असली, तर त्या ठिकाणी खिडकी होती हे निश्चित समजावे. सामान्य घरांत काच नसे. खिडकीत उभे लाकडी गज कोनावर फिरवून बसवलेले असत आणि आतून सरकती फळी असे. फळी सरकवण्यासाठी कोरलेली लांब खाचही पुष्कळदा शेजारीच सापडते. याउलट, वरच्या लाकडाच्या पोटाला अंतराअंतरावर गिरमिटाने पाडलेली गोल भोके आणि खालच्या लाकडाच्या पाठीवर सलग खोबण असेल, तर तिथे कुडाची भिंत होती. कुडाची काठी वरच्या भोकात घालून खालच्या खोबणीत सरकवली जाई, म्हणून वर भोके आणि खाली खोबण. आज त्या जागी विटा असोत, काच असो वा काहीच नसो, लाकूड आपली साक्ष देत राहते.

काजळीचे वाचन मला सर्वांत विलक्षण वाटते. मध्ययुगीन घराच्या मुख्य दालनाला वर मजला नसे. जमिनीच्या मध्यभागी शेकोटी पेटे आणि धूर थेट छपराखाली साचून फटींतून बाहेर जाई. सोळाव्या शतकात धुराडी सर्वत्र आली, दालनात मधला मजला टाकला गेला आणि जुने काळे पडलेले वासे माळ्यावर दडून गेले. माळ्यावर चढून पाहिले की कोणत्या भागात खुले दालन होते हे त्या काळ्या वाशांवरून कळते. छपराच्या एखाद्या कैचीची (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटीची) एक बाजू काळी आणि दुसरी स्वच्छ असेल, तर तिथे छपरापर्यंत पोचणारी भिंत होती आणि धूर तिच्या पलीकडे जात नव्हता, हेही कळते. ज्या भिंतीची एक फळीही उरलेली नाही, तिची जागा काजळी दाखवते.

सभासदांपैकी कोणी अशी घरे पाहिली असतील किंवा लाकूडकामाची जाण असेल, तर अवश्य भर घालावी.

काजवा

अत्यंत वाचनीय धागा. दोन शंका आहेत. वरचे मजले रस्त्यावर पुढे काढण्याचे कारण तळमजल्याच्या जागेवरचा कर चुकवणे हे होते, असे मी पर्यटनविषयक लिखाणात वारंवार वाचले आहे. तसेच या घरांतील लाकूड मोडलेल्या जहाजांचे असते आणि रिकाम्या खाचा त्याचाच पुरावा होत, असेही सांगितले जाते. यांत तथ्य किती?

दूरदेशी

काजवा, दोन्ही समज फार पसरलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

जहाजाची गोष्ट आधी निकाली काढू. जहाजाची लाकडे वळणाची आणि त्यांचे सांधे अगदी निराळे असतात. घराच्या तुळईवर दिसणाऱ्या सरळ, चौकोनी खाचा जहाजात शोधून सापडायच्या नाहीत. समुद्रापासून दूरच्या गावांतही हीच कथा सांगितली जाते, हे लक्षात घ्यावे. त्या खाचा एक तर याच घरातील काढून टाकलेल्या लाकडांच्या असतात, किंवा एखादे जुने घर पाडून त्याची तुळई पुन्हा वापरलेली असते. पुनर्वापर सर्रास होता, पण तो घराच्या लाकडाचा.

पुढे आलेल्या मजल्याला तिथे ‘जेटी’ म्हणतात. इंग्लंडमध्ये तळमजल्याच्या क्षेत्रफळावर असा कर असल्याचा आधार नाही, आणि खेड्यांत, जिथे जागेचा तुटवडा नव्हता तिथेही, जेटीची घरे आहेत. खरी कारणे एकापेक्षा अधिक आहेत. शहरातील भूखंड रस्त्याकडे अरुंद आणि मागे लांबलचक असत, त्यामुळे वर मिळालेली एखाद-दोन फुटांची वाढही मोलाची होती. खालच्या कुडाच्या भिंतीवर पाऊस कमी पडे. दर्शनी भागाला रुबाब येई, आणि बाजाराच्या रस्त्यावर तो रुबाब धंद्याच्या उपयोगाचा होता.

मला सुताराच्या बाजूची कारणे अधिक पटतात. सलग दोन मजली खांब उभा केला, तर त्याच्या मध्यावर चारी बाजूंनी तुळया आणि टेकू येऊन मिळतात आणि तेवढ्याच जागी खांब कोरून पोकळ होतो. प्रत्येक मजल्याची स्वतंत्र पेटी करून वरची पेटी खालच्या कड्यांच्या (मजल्याची जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांच्या) टोकांवर ठेवली, की आखूड लाकूड चालते आणि सांध्यांची गर्दी टळते. शिवाय कडीचे पुढे आलेले टोक वरच्या भिंतीच्या वजनाने खाली दाबले जाते, त्यामुळे तीच कडी खोलीच्या मध्यभागी किंचित वर उचलली जाते. त्या काळी कड्या आडव्या, म्हणजे रुंद बाजू खाली करून, टाकत. अशी कडी मध्ये झोल खाते. पुढच्या भिंतीच्या वजनाने तो झोल काही अंशी आवरला जाई.

यॉर्कच्या गुडरमगेट रस्त्यावर होली ट्रिनिटी चर्चच्या आवाराच्या कडेला ‘लेडी रो’ नावाची चाळवजा रांग आहे. ती १३१६ची आहे आणि इंग्लंडमध्ये टिकून राहिलेल्या जेटीच्या सर्वांत जुन्या रांगांपैकी एक आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला एक खण, खाली एक खोली आणि वर एक खोली, एवढेच. तिचे भाडे चर्चमधील कुमारी मेरीच्या वेदीवरील प्रार्थनांच्या खर्चासाठी होते. श्रीमंतांची मोठी घरे पुष्कळ ठिकाणी दाखवली जातात. भाडेकरूंची सातशे वर्षांपूर्वीची घरे उभी असणे मला त्याहून मोलाचे वाटते.

घर कोपऱ्यावर असून दोन्ही रस्त्यांवर जेटी काढायची असेल, तर कड्यांची दिशा कोपऱ्यात बदलावी लागते. तेव्हा खोलीच्या आतून कोपऱ्याकडे एक तिरकी जाड तुळई जाते आणि दोन्ही बाजूंच्या कड्या तिच्यात येऊन बसतात. तिच्याखालचा कोपऱ्याचा खांब बहुधा कोरीव असतो. कोपऱ्यावरच्या घरासमोर उभे राहिलात तर प्रथम हा खांब पाहावा.

जुनेवाडे

माझा संबंध पुणे-सातारा भागातील वाड्यांच्या दुरुस्तीशी येतो, त्यामुळे हे वर्णन वाचताना साम्य आणि फरक दोन्ही जाणवले. खांब, तुळया आणि खणांवर घर मोजण्याची रीत आपल्याकडेही आहे. परंतु आपला सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा राहतो, प्रत्येक खांब स्वतंत्र, आणि भोवती विटांच्या किंवा मातीच्या जाड भिंती असतात. तिथे सगळे खांब जोत्यावरच्या एकाच आडव्या तुळईत अडकवलेले दिसतात. ही तुळई जमिनीच्या ओलीने कुजत नाही का? आणि खांबाच्या माथ्यावर दोन दिशांच्या तुळया व छपराचा वासा एकत्र येत असताना सांधा कसा साधतात?

गिरमिट

मी हौशी लाकूडकाम करतो आणि हिरव्या, म्हणजे ओल्या, ओकच्या सांगाड्याची एक कार्यशाळा केलेली आहे, म्हणून जुनेवाडे यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

खांबासाठी निवडलेले झाड उलटे उभे करतात. बुंध्याकडचा भाग मुळांपाशी रुंदावलेला असतो. तो भाग वर आला की खांबाच्या माथ्याला आतल्या बाजूने जाड खांदा मिळतो. या रुंद माथ्यावर दोन स्वतंत्र कुसवे कोरतात. बाहेरच्या कुसवावर भिंतीच्या माथ्याची तुळई बसते आणि आतल्या, अधिक उंच कुसवावर घराच्या रुंदीतून जाणारी तुळई बसते. ही रुंदीची तुळई भिंतीच्या तुळईवर कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या खाचेने अडकलेली असते, त्यामुळे छपराच्या रेट्याने भिंती बाहेर फाकू शकत नाहीत. तीन दिशांची लाकडे एका बिंदूवर येतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला धरून ठेवतो. इंग्लंडमध्ये हा सांधा मध्ययुगापासून पुढे कित्येक शतके जवळजवळ तसाच वापरला गेला, कारण त्यात सुधारायला फारसे काही नव्हते.

खुंटीचेही तंत्र आहे. खाचेच्या लाकडातले भोक आणि कुसवातले भोक मुद्दाम अगदी समोरासमोर पाडत नाहीत; कुसवातले भोक कुसवाच्या मुळाच्या दिशेने किंचित सरकवलेले असते. वाळलेल्या ओकची, चिरून काढलेली निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत जाते आणि सांधा घट्ट ओढून घेते. सभोवतीचे ओले लाकूड वाळून आकसले तरी ती पकड सैल होत नाही. अशी खुंटी पहिल्यांदा ठोकताना दोन जाड लाकडांमधली फट डोळ्यांदेखत मिटताना मी पाहिली, तेव्हा या सांगाड्यात लोखंडी खिळ्याची गरज का भासत नाही हे मला पूर्ण पटले.

दूरदेशी

गिरमिट, हे नेमके वर्णन धाग्याला हवे होते. जुनेवाडे यांच्या पहिल्या प्रश्नाविषयी: होय, जोत्यावरची तुळईच सर्वांत आधी कुजते. रस्त्याची पातळी शतकानुशतके भर पडून वाढत गेली की ती जमिनीच्या जवळ येते आणि सतत ओली राहते. अनेक घरांत ती बदललेली किंवा तिच्या जागी विटा घातलेल्या दिसतात. तरीही तिचा मोठा फायदा असा की सगळा सांगाडा तळाशीही बांधलेला राहतो, आणि घर एकसंध पेटीसारखे वागते.

याचा सर्वांत ठळक दाखला एक्सेटरमध्ये आहे. एडमंड स्ट्रीटवरील कोपऱ्याचे, दोन बाजूंना जेटी असलेले तीन मजली मध्ययुगीन घर नव्या रस्त्याच्या आड येत होते. डिसेंबर १९६१ मध्ये ते पाडण्याऐवजी लाकडी आधारांनी जखडून, चाकांवर चढवून, रुळांवरून चढावर सुमारे ७० मीटर सरकवण्यात आले. वजन २१ टनांहून अधिक होते. आज ते वेस्ट स्ट्रीटच्या पायथ्याशी सेंट मेरी स्टेप्स चर्चसमोर उभे आहे. सांध्यांनी घट्ट बांधलेल्या सांगाड्यामुळे हे शक्य झाले. त्याच आकाराचे विटांचे घर असे हलवण्याचे धाडस करणे फार कठीण होते.

उत्तरायण

यॉर्कमधील बार्ली हॉल मी पाहिला आहे. स्टोनगेटच्या मागील बोळात दडलेली ती वास्तू सुमारे १३६०ची, नॉस्टेल मठाच्या महंतांसाठी बांधलेली, आणि पंधराव्या शतकात विल्यम स्नॉसेल या सोनाराकडे भाड्याने असलेली. स्नॉसेल १४६८ मध्ये यॉर्कचा लॉर्ड मेयर होता. आतील भव्य दालन, रंगीत पडदे, लांब मेज, सगळे १४८३च्या सुमाराचे वाटावे असे मांडले आहे आणि वस्तूंना हात लावण्याची, खुर्चीवर बसण्याची मुभा आहे. माझ्या मुलांना मध्ययुगीन घर म्हणजे काय हे तिथे जसे समजले तसे कोणत्याही चित्राने समजले नसते. मात्र काही जाणकार या जीर्णोद्धारावर टीका करतात असे ऐकतो. त्यांचा आक्षेप नेमका काय आहे?

दूरदेशी

आक्षेप असा की तिथले बरेचसे लाकूड नवे आहे. सतराव्या शतकापासून त्या घराचे तुकडे पडत गेले, आतला बोळ सार्वजनिक वाट बनला, पुढे कारागिरांच्या कार्यशाळा आल्या. १९८०च्या दशकात इमारत पाडण्याच्या बेतात असताना विटांच्या आवरणाखालचा मध्ययुगीन सांगाडा लक्षात आला. यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टने १९८७ मध्ये ती घेतली आणि १९९३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. त्या दरम्यान सांगाड्याचा मोठा भाग हिरव्या ओकमध्ये नव्याने घडवला गेला आणि नंतरच्या शतकांतले बदल काढून टाकले गेले.

माझे मत सांगतो. नव्या ओकच्या कामातून आजच्या सुतारांना जुन्या पद्धती पुन्हा हाताशी आल्या, आणि तुमच्या मुलांना जे मिळाले तेही खरे आहे. पण जीर्ण खांब काढून नवा बसवला की त्यावरची भोके, आकडे, काजळी सगळे जाते. नव्या खांबात पुरावा नसतो, केवळ अनुमान असते. शिवाय सतराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातली भिंत हीदेखील त्या घराच्या इतिहासाचा भाग होती. ती काढून घर एका ठरावीक वर्षात परत नेणे मला रुचत नाही. कुजलेला भाग तेवढा कापून त्या जागी नवा तुकडा सांध्याने जोडणे, आणि बाकी जुने लाकूड राहू देणे, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो, मग दृश्य थोडे ठिगळासारखे झाले तरी चालेल.

उत्तरायण

आपले म्हणणे मान्य करूनही माझा थोडा मतभेद राहतो. जी इमारत पाडलीच जाणार होती, तिच्याबाबतीत सर्व काही जसेच्या तसे ठेवण्याचा पर्याय प्रत्यक्षात किती उपलब्ध होता? लोक येतात, तिकीट काढतात, म्हणून ती वास्तू आज सांभाळली जाते. केवळ अभ्यासकांना वाचता येईल असे घर उभे ठेवण्यासाठी पैसा कोठून येणार?

दूरदेशी

हा प्रश्न रास्त आहे आणि प्रत्येक घराबाबत त्याचे उत्तर वेगळे येईल. मी इतकेच म्हणेन की लाकूड काढण्यापूर्वी प्रत्येक खाच मोजून, रेखाटून, छायाचित्रित करून ठेवणे आणि काढलेले लाकूड फेकून न देणे, एवढे तर कोणत्याही अंदाजपत्रकात बसवायलाच हवे. जुना खांब एकदा जाळला की त्याचे वयही कायमचे हरवते.

वयाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ओकच्या वाढीच्या वलयांची रुंदी दर वर्षीच्या हवामानानुसार बदलते आणि तो क्रम ज्ञात कालक्रमाशी जुळवता येतो. लाकडावर सालीचा काठ शिल्लक असेल, तर झाड कोणत्या वर्षी, कधीकधी कोणत्या ऋतूत तोडले हेही सांगता येते. आणि लाकूड ओलेच वापरले जात असल्याने घराचे वय त्यालगतच असते. सालीचा काठ तासून गेला असला, तरी बाहेरच्या कोवळ्या लाकडाची इंग्लिश ओकमध्ये साधारण ९ ते ४१ वलये असतात, त्यावरून अंदाजाची मर्यादा ठरवतात. म्हणून दुरुस्ती करताना कोपऱ्यावरचा तो किडका, मऊ भाग स्वच्छतेच्या हौसेने तासून टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती राहील. तारखेसाठी तोच भाग सर्वांत मौल्यवान असतो.

जुनेवाडे

शेवटची सूचना आमच्याकडेही लागू आहे. वाड्याच्या तुळया पॉलिशसाठी तासल्या जातात तेव्हा जुन्या हत्यारांच्या खुणा नाहीशा होतात. आणखी एक विचारतो. काळा रंग हा या घरांचा मूळ रंग आहे का? आणि चुन्याऐवजी सिमेंट वापरण्याचा जो उपद्रव आम्हांला इथे होतो, तो तिथेही आहे का?

दूरदेशी

काळ्या-पांढऱ्याचा हा ठसठशीत विरोध मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आवडीचा आहे. मुळात ओक तसाच सोडलेला असे आणि तो उन्हापावसाने रुपेरी करडा होई, किंवा लाकूड व कूड दोहोंवरून सरसकट चुना फिरवला जाई, कधी त्यात गेरूसारखा मातकट रंग मिसळून. सफोकमधील लॅव्हनममध्ये हे आजही पाहता येते. लोकरीच्या व्यापाराने ते गाव एकेकाळी फार श्रीमंत होते, म्हणून एकमेकांना लगटून उभी केलेली, लाकडाची उधळपट्टी करणारी खांबांची रांग तिथे मिरवली गेली. पुढे व्यापार बसला आणि नव्या पद्धतीची विटांची घरे बांधण्याइतका पैसा गावाकडे उरला नाही, त्यामुळे जुनी घरे वाचली.

सिमेंटचा उपद्रव अगदी तोच. कूड आणि चुना ओल शोषतात आणि सोडतात. लाकूड हलले तर तेही थोडे हलतात. विसाव्या शतकात पुष्कळ घरांच्या चौकटींत सिमेंटचा गिलावा भरला गेला. तो हलत नाही, त्यामुळे लाकूड आणि गिलावा यांच्यात केसाएवढी फट पडते, पाऊस तीतून आत जातो आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. वर डांबरी काळा रंग असेल तर लाकडाच्या तोंडावरूनही ओल उडून जात नाही. बाहेरून घर ठणठणीत दिसते आणि खाचेतले कुसू आत भुसा झालेले असते. अशा घराची तपासणी करताना चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडापासून सुरुवात करावी, बोथट सुरीचे टोक गिलाव्याच्या कडेला, लाकडाच्या वरच्या पाठीवर टेकवून पाहावे. पाणी साचते ते तिथेच. सिमेंट काढायचे ठरल्यास ते छिन्नी-हातोड्याने घाईत फोडू नये, कारण धक्क्याने शेजारच्या चौकटीतला मूळ मध्ययुगीन कूड, जो अनेकदा आतल्या बाजूला शिल्लक असतो, सुटून पडतो.